मांजर ताटलीला तोंड का लावत नाही: गोव्यातल्या परसांत शोधायची कारणं

पहिला पाऊस पडून गेला की एकच तक्रार चहूकडून कानावर येते. "परसात मांजरांसाठी ठेवलेलं सकाळी तसंच पडलेलं असतं." कुणाची नेमकी उलटी: "ताटली रोज लख्ख, पण मांजराच्या बरगड्या काही झाकत नाहीत." फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर मी बरीच वर्षं भटक्या मांजरांना खायला घालते. पणजी-म्हापशाच्या फ्लॅटांतल्या मैत्रिणींपासून डिचोलीच्या मावशींपर्यंत सगळ्या दर पावसाळ्यात मला हेच विचारतात.

बहुतेक जण आधी पदार्थ बदलून बघतात. भात खात नाही म्हणून पाव, पाव खात नाही म्हणून दूध, दुधालाही तोंड लावलं नाही म्हणून दुकानातलं महागडं पाकीट. माझं ठाम मत आहे की पदार्थ सगळ्यात शेवटी बदलावा. मांजर ताटलीपर्यंत पोचतं का, पोचलं तर तिथे ते निर्धास्त असतं का, आणि त्याच्याआधी तिथे आणखी कोण पोचतं, हे आधी बघायचं. माणसाळलेलं मांजर पायात घुटमळतं, ओरडतं, मागून घेतं. रानटी झालेलं मांजर मागत नाही. पोटात काही नसतानाही ते भरल्या ताटलीकडे पाठ फिरवतं, कारण त्याच्या लेखी जीव आधी आणि पोट नंतर.

एक पथ्य सुरुवातीलाच सांगते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान तीन-चार दिवस ती तशीच चालू ठेवा. जागा, भांडं, वेळ आणि खाणं हे सगळं एकाच दिवशी बदललं तर मांजर आलं तरी कशामुळे आलं ते कळत नाही.

खातं कोण, ते आधी कळू द्या

न्हाणीच्या चुलीतली राख चाळून घ्या. चूल नसेल तर रांगोळी चालेल. ताटलीभोवती हातभर रुंदीचा पातळ थर पसरा. छपराखाली असेल तर पावसातही रात्रभर टिकतो. सकाळी ठसे वाचा.

मांजराचा ठसा गोलसर, चार बोटांचा, साधारण तीन सेंटिमीटर रुंद असतो आणि त्यात नखं उमटत नाहीत. कुत्र्याचा लांबट असतो, पुढे नखांचे ठिपके दिसतात. मुंगसाच्या ठशातही नखं स्पष्ट असतात, पण मुंगूस दिवसा येतं. तेव्हा रात्रीची ताटली रिकामी झाली तर त्याच्यावर संशय नको. घुशीचा ठसा चिमुकल्या हातासारखा असतो, बरेचदा मागे शेपटीची रेघ ओढलेली दिसते. कावळ्याची तीन बोटं पुढे, एक मागे. ज्यांच्या घरी कॅमेरा आहे त्यांचं काम सोपं आहे, पण मला राखच जास्त भरवशाची वाटते. ताटलीपासून दोन हातांवर येऊन परत फिरलेलं मांजर राखेत दिसतं, अंधारातल्या चित्रफितीत बरेचदा दिसत नाही.

हे परत फिरलेले ठसे फार मोलाचे. ठसे ताटलीपर्यंत येऊन थांबले असतील तर वास पोचलाय, पण काहीतरी अडलंय: मुंग्या, भांडं, किंवा खाण्यातच काही. ठसे दूरवर थबकले असतील तर जागेची भीती आहे. ठसेच नसतील तर मांजर या वाटेने जातच नाही, किंवा त्याचं पोट दुसरीकडे भरतंय.

सत्तरी, सांगे, काणकोण या बाजूला जंगलाला लागून घर असेल तर आणखी एक काळजी घ्या. उदमांजर आणि रानमांजर दोन्ही गावाच्या कडेला फिरतात. रानमांजर घरच्या मांजरापेक्षा उंच पायांचं, मातकट रंगाचं, आखूड शेपटीचं असतं आणि शेपटीच्या टोकाला काळी वळी असतात. ते वन्यप्राणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला खाण्याची सवय लावू नये आणि पिंजऱ्यात तर धरूच नये. अशा भागात रात्रभर अन्न उघडं ठेवूच नका. अन्नामागे कुत्रे येतात आणि कुत्र्यांमागे बिबटा.

जागा

सगळ्यात जास्त वेळा कारण इथेच सापडतं. आपण ताटली ठेवतो आपल्याला सोयीच्या जागी: मागल्या दाराची पायरी, तुळशीसमोरचं अंगण, पार्किंगमधला मोकळा कोपरा. आपल्याला स्वच्छ, मोकळी दिसणारी ही जागा मांजराला मात्र चहूबाजूंनी उघडी वाटते. मांजर खाताना मान खाली घालतं, त्या वेळी त्याला मागचं दिसत नाही. म्हणून त्याला पाठीशी भिंत हवी, समोर दूरवर नजर हवी आणि निसटायला एक सोडून दोन वाटा हव्यात. चिऱ्यांच्या गडग्याचा (कुंपणाच्या भिंतीचा) कोपरा, लाकडं रचून ठेवलेल्या खोपीची कड, जिन्याखालची दोन्ही बाजूंनी उघडी पोकळी, माडाच्या बुंध्यामागची झुडपं या जागा सहसा चालतात. तीन बाजूंनी बंद असा कोपरा मात्र चालत नाही. माणसाला तो आडोसा वाटतो, मांजराला पिंजरा.

मांजर तुम्हाला पहिल्यांदा जिथे दिसलं, तिथूनच सुरुवात करा, मग ती जागा कितीही गैरसोयीची असो. तिथे आठवडाभर नीट खाल्लं की ताटली रोज एक-दोन फूट तुमच्या सोयीच्या दिशेने सरकवा. एखाद्या दिवशी खाणं तसंच राहिलं तर आदल्या दिवशीच्या जागी परत न्या आणि तिथे काही दिवस थांबा. घाई केली की मांजर ती वाटच सोडतं.

ताटली ठेवून तिथेच उभं राहू नये. "खातंय का बघते" म्हणून खिडकीच्या गजांतून टक लावून पाहणं हेही पुष्कळ मांजरांना पुरेसं भीतिदायक असतं, कारण मांजरांत रोखून पाहणं म्हणजे धमकी. बघायचंच असेल तर कडेने बघा, डोळे सावकाश मिटा-उघडा. ज्या मांजराला पिल्लूपणी, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, माणसाचा हात लागलेला नसतो, ते मोठेपणी हातातून खाईलच अशी अपेक्षा ठेवू नये. ते रोज येऊन पोटभर खाऊन गेलं, एवढं त्याच्यासाठी पुरे.

एकाच ताटलीवर अनेक मांजरं येत असतील तर एखादा दांडगा बोका नुसता शेजारी बसूनच बाकीच्यांना अडवतो. तो मारामारी करत नाही, त्यामुळे आपल्या ते लक्षातही येत नाही. अशा वेळी दोन-तीन ताटल्या एकमेकींपासून काही मीटरवर, एकीवरून दुसरी दिसणार नाही अशा ठेवा. एका बोक्याला एका वेळी एकाच ताटलीवर पहारा देता येतो.

गोव्यात आणखी एक गोष्ट होते. नरकासुराच्या रात्रीचे गाणे-बाजे, चतुर्थीचे फटाके, शिगम्याचे ढोल, जत्रेतलं शोभेचं दारूकाम यांनंतर मांजरं दिवसेंदिवस दिसत नाहीत आणि खाणं तसंच राहतं. तेव्हा जागा बदलू नका. ताटली त्याच जागी, त्याच वेळी, थोड्याच खाण्याने भरत राहा. परत येणारं मांजर ओळखीच्या जागीच शोधायला येतं.

वेळ आणि आवाज

मासळीवालीच्या स्कूटरचा हॉर्न वाजला की वाड्यावरची मांजरं कुठून कुठून गोळा होतात ते सगळ्यांनी पाहिलंय. कुणी शिकवलेलं नसतं. आवाज, वेळ आणि मासा यांची सांगड त्यांनीच घातलेली असते. आपणही तेच वापरायचं. रोज ठरलेल्या वेळी ताटलीवर चमचा वाजवा, एकच ठरावीक हाक मारा, आणि निघून या. आवाज झाला की खाणं आहे आणि माणूस जवळ येत नाही, हे दोन्ही मांजराला कळायला हवं.

मांजरं मुख्यत्वे पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतात. दिवेलागणीची वेळ आमच्याकडे सगळ्यात चांगली ठरली आहे: कावळे झाडावर गेलेले असतात, ऊन नसतं, रस्त्यावरची वर्दळही कमी होते. एप्रिल-मे महिन्यात दुपारी ठेवलेली स्टीलची ताटली चिऱ्यावर इतकी तापते की मांजर तोंड लावत नाही, आणि ओलं खाणं तासाभरात सुकून कडक होतं किंवा आंबतं.

तासाभराने ताटली उचलून ठेवा, उरलेलं असलं तरी. सुरुवातीला हे निष्ठुर वाटतं. पण ताटली रात्रभर राहिली तर ती घुशी-उंदरांची होते, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, जो आपल्याकडच्या पावसाळ्यात माणसालाही होतो. शिवाय ठरलेला तास कळला की मांजर वेळेवर येतं. पुढे नसबंदीसाठी धरायचं झालं तर हीच सवय कामाला येते.

काहीजण म्हणतात, येतं, दोन घास खातं आणि अर्धं टाकून जातं. यात बिघाड काही नाही. मांजर मुळात लहानलहान शिकारींवर जगणारा प्राणी आहे, दिवसातून अनेकदा थोडंथोडं खाण्याची त्याची रीतच आहे. तीन-चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. कोरड्या खाण्याच्या हिशेबात ते ६० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन लहान मुठी. आपण माणसाच्या अंदाजाने वाढतो आणि उरलं की काळजी करतो.

शिवराक (शाकाहारी) दिवस, श्रावण आणि मासेमारी बंदी

हे कारण बाहेरच्या माहितीत कुठेच सापडणार नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त लागू आहे ते हेच. गोव्यातल्या भटक्या मांजराचं पोट माशांच्या कॅलेंडरवर चालतं.

रविवारी आणि बुधवारी घरोघर मासे साफ होतात. डोकी, कल्ले, आतडी परसात पडतात. त्या संध्याकाळी तुमच्या ताटलीतलं तसंच राहिलं तर नवल नाही, मांजराचं जेवण झालेलं असतं. सोमवारी बहुतेक हिंदू घरांत शिवराक, त्या दिवशी तीच ताटली पुसून साफ होते. म्हणून खाणं शिल्लक राहिलं की वार लिहून ठेवायला मी सगळ्यांना सांगते. दोन-तीन आठवड्यांची नोंद झाली की बरेचदा कोडं आपोआप सुटतं, आणि कोणत्या दिवशी जास्त वाढायचं तेही कळतं.

मोठं चक्र वर्षाचं. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते. मालिम किंवा कुटबणच्या जेटीवर आणि बाजारात पडणारा मासळीचा कचरा त्या काळात एकदम आटतो. तिथली मांजरं पांगतात, वाड्यांत शिरतात. तुमच्या ताटलीवर अनोळखी मांजरं येतात, मारामाऱ्या होतात आणि भित्री, जुनी मांजरं मागे राहून उपाशी फिरतात. ताटली रिकामी पण तुमचं नेहमीचं मांजर वाळलेलं, असं जूनमध्ये दिसलं तर ताटल्या वाढवा आणि त्या लांबलांब ठेवा. मग ऑगस्ट येतो, होड्या समुद्रात जातात, पण पुष्कळ घरांत श्रावण पाळला जात असल्याने चतुर्थी होईपर्यंत परसात मासा पडत नाही. ज्यांच्या शेजारी श्रावण कडक पाळतात त्यांच्याकडे या महिन्यात मांजरं सगळ्यात भुकेली असतात. चतुर्थी संपून मासे पुन्हा घरात आले की तुमची ताटली अचानक भरलेली राहू लागते. अशा वेळी ते मांजर आजारी आहे असं समजून घाबरू नका. आधी ते चालतंय कसं, अंगाने कसं आहे ते बघा.

किनाऱ्यावरच्या मांजरांचं चक्र आणखी वेगळं. हंगामात शॅकवर (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळींत) आणि भाड्याच्या घरांत पर्यटक त्यांना तळलेले मासे, चिकन भरवतात. पावसाआधी शॅक मोडले जातात, पाहुणे जातात, आणि ज्या मांजराने कधी कोरडं खाणं पाहिलेलंच नाही त्याच्यासमोर आपण पाकिटातले दाणे ठेवतो. ते ओळखतच नाही की हे अन्न आहे. त्याच्या ओळखीच्या खाण्यात दाणे मिसळून सुरुवात करा, आधी चिमूटभर, मग दर तीन-चार दिवसांनी थोडे जास्त.

मुंग्या आणि पाऊस

ठसे ताटलीपर्यंत येऊन परत जात असतील तर टॉर्च घेऊन ताटली बघा. गोव्यात दहापैकी निम्म्या वेळा तरी ती मुंग्यांनी भरलेली असेल. नाकाला एकदा चावा बसला की मांजर त्या ताटलीकडे पुन्हा फिरकायला दिवस लावतं. आंब्या-काजूच्या झाडाखाली ताटली असेल तर हुमले (झाडावरच्या तांबड्या मुंग्या) वरून पडतात, तेव्हा आधी झाडाखालून काढा.

मुंग्यांना अडवायचा खात्रीचा उपाय एकच: पाणी. एका पसरट परातीत दोन बोटं पाणी घाला, मध्ये उपडी वाटी किंवा सपाट दगड, त्यावर खाण्याची ताटली. ताटलीची कड परातीच्या कडेला कुठेही टेकता कामा नये आणि पाण्यात पान-काडी पडून पूल होऊ नये. परात फार रुंद नको, नाहीतर मांजराला मान पोचवता येत नाही. पाणी रोज ओतून टाका, डासांची पैदास आपल्याच उशाशी होईल.

मुंग्यांचा खडू, पावडर, फवारा, रॉकेल यांतलं काहीही ताटलीजवळ नको. त्यांपैकी पुष्कळांत पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात आणि ती मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत. पायाला लागलेलं मांजर चाटतं आणि विषबाधा होते. फिनेलचंही तसंच. खाण्याची जागा फिनेलने पुसू नका, त्याचा वास मांजराला पळवतो आणि त्यातली रसायनं त्याला घातक आहेत. गरम पाण्याने धुवा, तेवढं पुरे. ताटलीही साबणाचा वास राहणार नाही इतकी खळखळून धुवायची.

पावसासाठी छप्पर हवंच. ओले झालेले दाणे मांजर खात नाही आणि खाऊही नयेत, आपल्या हवेत त्यांवर एका रात्रीत बुरशी धरते. बाजारात मासळीवाल्यांकडे जुने प्लास्टिकचे क्रेट मिळतात. एक उपडा घालून दोन समोरासमोरच्या बाजू मांजर जाईल एवढ्या कापल्या, कडा घासून बोथट केल्या, वर ताडपत्रीचा तुकडा बांधला आणि चिऱ्याचं वजन ठेवलं की झालं. दोन वाटा असल्यामुळे भित्रं मांजरही आत शिरतं. शिवाय क्रेटला माशाचा वास असतो. तो आपल्याला नकोसा वाटतो, पण मांजर त्यानेच येतं. क्रेट आणला की आठ-दहा दिवस ताटली त्याच्या शेजारी ठेवा आणि मगच आत सरकवा.

पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पाकीट उघडल्यावर दाणे दोन-तीन दिवसांत मऊ पडतात आणि त्यांतलं तेल खवट होतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिन्याभराचं पाकीट एकदम उघडू नका.

कुत्रे, कावळे, माणसं

कुत्र्यांसाठी उंची. गडग्यावर, भिंतीतल्या फळीवर, बंद घराच्या खिडकीच्या कट्ट्यावर, जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर ताटली गेली की बहुतेक कुत्रे हरतात. गाभण मांजरीला आणि पिल्लांना मात्र चढणं जड जातं, त्यांच्यासाठी क्रेटची वाट अरुंद करा. गल्लीतले कुत्रे तुम्हीच जगवत असाल तर त्यांना आधी, दुसऱ्या टोकाला घाला. कावळ्यांसाठी छप्पर आणि अंधार एवढाच उपाय आहे.

माणसांबद्दल थोडंच. सोसायटीत राहात असाल तर जागा सगळ्यांशी बोलून ठरवा. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत भटक्या जनावरांना खायला घालण्याची जागा आणि वेळ रहिवाशांनी मिळून ठरवावी, मुलांच्या खेळण्याच्या जागा, जिने आणि येण्याजाण्याच्या वाटा टाळाव्यात असं सांगितलेलं आहे. ताटली उचललेली, जागा धुतलेली असली की तक्रारी निम्म्याने कमी होतात. आणि ज्या जागेवरून कुणी मांजराला दगड मारून हाकलतं, तिथे कितीही चांगलं खाणं ठेवा, ते येणार नाही.

आता पदार्थ

एवढं सगळं बघूनही ताटली तशीच राहिली तर खाण्याकडे वळा. मांजर चवीपेक्षा वासावर खातं. फ्रीजमधून काढलेल्या थंड खाण्याला वास नसतो. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस, ताजी शिकारही तेवढीच उबदार असते. खाणं बोटाला कोमट लागेल इतकं गरम करा, नाहीतर त्यावर कोमट पाणी शिंपडा. नुसत्या एवढ्याने कितीतरी रुसलेली मांजरं जेवायला लागतात.

दूध-पाव, गोड बिस्किटं, शिरा हे सोडा. मांजराला गोड चव कळतच नाही. ती चव ओळखणाऱ्या दोन जनुकांपैकी एक त्याच्यात निकामी झालेलं आहे, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. मोठ्या मांजराला दूधही बरेचदा पचत नाही, हगवण लागते. हुमण (माशांची आमटी) आणि भात कालवून घालणारी घरं खूप आहेत, प्रेमानेच घालतात, पण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. तिखट-आंबट वेगळंच. वाटणात पडण्याआधी मासा बाजूला काढा.

तारले (सार्डिन मासे) स्वस्त असतील तेव्हा मीठ-मसाला न घालता कुकरमध्ये काटे बोटांनी चुरडता येईपर्यंत शिजवा आणि थोड्याशा मऊ भातात पाण्यासकट कालवा. ते पाणी फेकू नका. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं, त्याच्याविना डोळे आणि हृदय बिघडतं, आणि शिजवताना ते पाण्यात उतरतं. भात फक्त मासा पुरवठ्याला यावा म्हणून, ताटलीत मासाच जास्त दिसायला हवा. कच्चा मासा रोज नको, काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर (एन्झाइम) असतं, ते शिजवल्याने जातं. उन्हात राहिलेला बांगडा तर कच्चा-शिजलेला कसाही नको, त्यात तयार होणारं हिस्टामिन शिजवून जात नाही. आठवड्यातून एक-दोनदा कोंबडीचं मांस, त्यातही हृदय मिळालं तर उत्तम, टॉरिन त्यात भरपूर. ज्या घरात मासा शिजत नाही त्यांनी मांजराचे दाणे द्यावेत. कुत्र्याचे दाणे स्वस्त पडतात, पण मांजराला लागणारं टॉरिन त्यांत पुरेसं असेलच असं नाही. रोजच्यासाठी ते नकोत.

अगदीच हटून बसलेल्या मांजरासाठी पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी केलेल्या साठवणीच्या) डब्यातला गलमो, म्हणजे सुकी बारीक कोळंबी, काढा. धुऊन, तव्यावर कोरडा भाजून, पूड करून चिमूटभर वर भुरभुरवा. वास गडग्यापलीकडे जातो. खारे बांगडे मात्र वापरू नका, मीठ फार.

भांडं पसरट आणि उथळ असावं. पाण्याचं वेगळं, थोड्या अंतरावर.

तोंडापर्यंत येऊन घास टाकणारं मांजर

ताटलीशी धावत येतं, वास घेतं, एक घास उचलतं, एकदम मान झटकतं, पंजाने तोंड चोळतं, लाळ गाळत निघून जातं. हे खाण्याचे नखरे नव्हेत. हिरड्या सुजलेल्या असतात, तोंडात व्रण असतात किंवा दात खराब झालेला असतो. भटक्या मांजरांत हे फार आढळतं आणि ती उपाशी मरतात ती अन्न समोर असताना. नाक वाहतंय, डोळे चिकटलेत, शिंकतंय असं मांजर वासच न आल्याने खात नाही. पावसात ही सर्दी एकापासून दुसऱ्याला भराभर लागते, म्हणून अशा मांजराची ताटली वेगळी ठेवा. दोघांनाही तात्पुरतं मऊ, कोमट, उग्र वासाचं पातळ खाणं द्या, आणि पशुवैद्याला दाखवायची तयारी करा. त्याच्या घास टाकण्याचं मोबाइलवर चित्रण करून दाखवलं तर डॉक्टरांना फार मदत होते. जाड मांजर दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं, तेव्हा वाट बघत बसू नये. घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेते.

महिन्याहून लहान पिल्लांसाठी ताटली ठेवून उपयोग नाही, ती आईचंच पितात. आईला भरपूर घाला. ती रोज येऊन भरभरून खाते आणि घाईने एकाच दिशेला जाते, तर पिल्लं त्या बाजूला आहेत असं समजा, पण मागे जाऊ नका. तिला कळलं तर ती पिल्लं हलवते, आणि पावसात हलवताना काही दगावतात.

वेळेवर खायला येऊ लागल्यावर

मग पुढचं काम नसबंदीचं. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. नुसतं खायला घालत राहिलं तर वर्षभरात ताटल्या पुरत नाहीत. पिंजरा आणला की त्याचं दार दोरीने उघडं बांधून ठेवा, ताटली आधी दारापाशी, मग रोज वीतभर आत. मांजर शेवटच्या टोकाला जाऊन निवांत खाऊ लागलं की दोरी सोडायची. भुलीसाठी पोट रिकामं लागतं, म्हणून किती तास आधी खाणं बंद करायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि त्या संध्याकाळी वाड्यावर सगळ्यांना सांगा की कुणीही काही घालू नका. एका घराने टाकलेलं बांगड्याचं डोकं सगळी मेहनत वाया घालवतं. पिंजऱ्यात अडकल्याबरोबर वरून चादर टाका, अंधारात मांजर शांत होतं. ज्या मांजराच्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसेल त्याची नसबंदी आधीच झालेली असते, त्याला सोडून द्या.

हात पिंजऱ्यात घालू नका. मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्या. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला आहे, तरी लस टाळायची नाही. नसबंदी होऊन आलेलं मांजर जिथून धरलं तिथेच सोडा आणि त्या रात्री ताटली नेहमीच्याच जागी ठेवा. काही मांजरं रुसून दोन-चार दिवस येत नाहीत. वेळ आणि चमच्याचा आवाज तोच ठेवा, आणि पिंजरा तिथून दिसेनासा करा.